डायून स्पिन्युलोसम: मेक्सिकोतला उंच, दुर्मीळ सायकॅड बियापासून कसा वाढवावा

सायकॅड, म्हणजे पामसारखी दिसणारी पण फुलं न येणारी प्राचीन झाडं, म्हटलं की बहुतेकांना कुंडीतला बुटका सागो पाम आठवतो. डायून स्पिन्युलोसम पाहिल्यावर ती कल्पना मोडीत निघते. जंगलात याचं खोड १६ मीटरपर्यंत उंच गेल्याची नोंद आहे आणि त्या टोकावर दीड-दोन मीटर लांबीच्या पानांचा मुकुट असतो. जगातल्या सर्वांत उंच सायकॅडच्या यादीत हा अगदी वर येतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या वर्षावनातला लेपिडोझामिया होपी तेवढा याच्या बरोबरीचा, किंबहुना काकणभर सरस.

मूळ जंगलात हे झाड धोक्यात आहे. बियापासून मात्र ते चांगलं येतं, आणि सायकॅडच्या मानाने भराभर वाढतं. म्हणजे हौशी माणसाला जंगलातल्या एकाही झाडाला धक्का न लावता ते घरी वाढवता येतं. अट एकच: याला नेमकं काय हवं ते आधी समजून घ्यायचं. सायकॅड वाढवणाऱ्यांत दोन टोकाचे गट दिसतात. एक गट त्याला निवडुंगासारखा कोरडा ठेवतो, दुसरा पावसाळी जंगलातलं झाड म्हणून सतत चिखलात ठेवतो. पहिल्या गटाचं झाड वर्षानुवर्षं आहे तेवढंच राहतं, दुसऱ्या गटाचं मुळापासून कुजतं.

आधी त्याचं घर बघू

मेक्सिकोत वेराक्रुझ आणि ओआहाका या दोन राज्यांत, सखल भागातल्या चुनखडीच्या टेकड्यांवर आणि कड्यांवर हे झाड वाढतं. तुश्तेपेक हे त्या भागातलं ठळक शहर. शिकागो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स जोसेफ चेंबरलेन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही झाडं बघायला तिथवर गेले होते आणि १९०९ मध्ये त्यांनी त्यांवर सविस्तर लेख लिहिला. शास्त्रीय नाव त्याआधीच, १८८३ मध्ये, जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आइखलर यांनी प्रसिद्ध केलं होतं.

तिथे वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. हा आकडा वाचून पाण्याचा मारा करायचा मोह होतो. पण जमीन कसली आहे तेही बघा. झिजलेली, भेगाळलेली चुनखडी. पडलेलं पाणी काही क्षणांत भेगांतून खाली निघून जातं. भेगांत कुजलेल्या पानांची काळी माती साठलेली असते, तेवढ्यात मुळं शिरलेली असतात. पाणी सारखं मिळतं पण थांबत नाही, आणि मुळांशी हवा कायम खेळती राहते. वर मोठ्या झाडांची सावली, हवेत दमटपणा, थंडी बेताची.

बरेच जण यातून चुना हवा असा अर्थ काढतात आणि कुंडीत चुनखडीचे खडे भरतात. थोडे टाकले तर बिघडत नाही, पण ते अत्यावश्यक अजिबात नाहीत. माझ्या मते चुन्यापेक्षा भेगेला महत्त्व आहे. मातीचा पोत भेगेसारखा ठेवा, रसायन साधारण उदासीन असलं तरी झाड तक्रार करत नाही.

बी मिळवताना

सगळे सायकॅड साइट्स या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या, आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात. डायून त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे देशाच्या सीमा ओलांडून रोपांचा व्यापार करायचा तर परवान्याची कागदपत्रं लागतात. मेक्सिकोच्या राष्ट्रीय यादीतही हे झाड नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याची नोंद आहे. बी किंवा रोप घेताना विक्रेत्याकडे मूळ कुठलं ते विचारा. मातृवृक्ष बागेत वाढलेला आहे, परागण हाताने केलं आहे, असं सांगणारा माणूस साधारणपणे आणखी दहा गोष्टी आपणहून सांगतो. ‘कुठून आलं ते माहीत नाही’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

तयार मोठं खोड विकत घेण्याचा विचार असेल तर जास्तच सावध राहा. जंगलातून उपटलेल्या खोडावर जळल्याच्या खुणा, जुन्या जखमा, एका बाजूला आलेली वाक, दगडफूल आणि तुटकी आखूड मुळं दिसतात. रोपवाटिकेत वाढलेल्या खोडावर पानांच्या खुणा एकसारख्या असतात आणि मुळांचा गड्डा भरलेला असतो. मेक्सिकोत गावकऱ्यांनी चालवलेल्या सायकॅड रोपवाटिकांचा प्रयोग झालेला आहे. वेराक्रुझमधल्या मोंते ओस्कुरो इथे याच कुळातल्या डायून एडुलेची रोपवाटिका १९९० मध्ये सुरू झाली, त्यामागे शालापाच्या वनस्पती उद्यानाचे अँड्र्यू वोव्हिडेस होते. जंगलातल्या मोजक्या बिया घ्यायच्या, रोपं करून विकायची आणि काही परत जंगलात लावायची, असा तो साधा हिशोब. अशा ठिकाणचं रोप मिळालं तर उत्तमच.

जातीची खात्री करायची तर पूर्ण वाढलेल्या झाडाची पर्णिका, म्हणजे पानाच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना असलेलं छोटं पान, बघा. स्पिन्युलोसमच्या पर्णिकेच्या कडेला बारीक काटे मोठेपणीही राहतात. डायून मेहिए आणि डायून झेदोव्स्की हे याचे उंच होणारे नातेवाईक, त्यांची कडा मोठेपणी सरळ होते. लहानपणी मात्र त्यांनाही काटे असतात, म्हणून रोपावरून निवाडा करू नये.

बी साफ करणे

बी बऱ्यापैकी मोठं असतं, चार-पाच सेंटिमीटर लांब, वर मलईच्या रंगाचा मांसल थर. हा थर काढल्याशिवाय बी पेरू नये. त्यात अंकुरण रोखणारी द्रव्यं असतात आणि तो कुजला की बुरशीला आमंत्रण मिळतं.

बिया बादलीत पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला. तीन-चार दिवसांत थर मऊ होतो. मग बोथट सुरीने किंवा ताठ ब्रशने खरवडून काढा. हातमोजे घालायलाच हवेत. सायकॅडच्या सगळ्या भागांत, आणि बियांत सर्वांत जास्त, सायकेसिनसारखी विषारी द्रव्यं असतात. ती यकृताला इजा करतात. कुत्र्यांना या बिया चघळायला आवडतात आणि एक-दोन बियाही त्यांच्या जिवावर बेततात. घरात कुत्रा किंवा रांगतं मूल असेल तर बिया, सालं आणि भिजवणीचं पाणी त्यांच्या आसपासही राहू देऊ नका. मध्य अमेरिकेत काही डायूनच्या बियांचं पीठ करून खातात हे खरं, पण ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या प्रक्रियेनंतर. घरी प्रयोग करण्याचा हा विषय नाही.

साफ झालेल्या बिया पुन्हा पाण्यात टाका. तळाशी बसलेल्या चांगल्या, तरंगणाऱ्या बहुतेक पोकळ. बहुतेक म्हणतो आहे, कारण एखादी तरंगणारी बीसुद्धा रुजते. जागा असेल तर तरंगत्या बिया वेगळ्या ट्रेमध्ये पेरून बघायला हरकत नाही.

आता एक काम असं, जे करायला बहुतेकांचा हात धजत नाही: एक बी बळी द्या. करवतीने लांबीच्या दिशेने कापा. आत पांढरा, पिठूळ, नारळाच्या खोबऱ्यासारखा घट्ट गर दिसेल आणि मधोमध एक पोकळी. त्या पोकळीत गर्भ असतो. सायकॅडचं बी शंकूतून, म्हणजे फुलाऐवजी येणाऱ्या खवल्यांच्या कणसासारख्या भागातून, गळतं तेव्हा गर्भ बऱ्याचदा अर्धवटच वाढलेला असतो आणि पुढची वाढ जमिनीवर पडल्यावर होते. गर्भ बारीक दोऱ्याएवढा असेल तर उरलेल्या बिया थांबवा. तो पोकळीची जवळजवळ सगळी लांबी भरून बसला असेल तर पेरायला घ्या. गर पिवळट, चिकट आणि वास मारणारा निघाला तर त्या खेपेकडून फार अपेक्षा ठेवू नका.

थांबायचं ठरलं तर बिया उघड्यावर वाळू देऊ नका. धान्यासारखं कडक वाळवलेलं सायकॅडचं बी मरतं. जेमतेम ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (पाणी धरणारं हलकं खनिज), हवा लागेल अशा डब्यात, साध्या खोलीच्या तापमानाला ठेवा आणि महिन्या-दीड महिन्याने आणखी एक बी कापून बघा.

पेरणी आणि अंकुर

पेरणीसाठी जाड पर्लाइट, प्युमिस (दोन्ही ज्वालामुखी खडकाचे हलके, सच्छिद्र दाणे) किंवा धुतलेली भरड वाळू पुरते. खत नको, कंपोस्ट नको. बी आडवी ठेवायची, वरचा तिसरा हिस्सा उघडा राहील इतकीच दाबायची. पूर्ण पुरलेल्या बिया जास्त कुजतात आणि काय चाललं आहे तेही दिसत नाही.

तापमान २७ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवता आलं तर फरक पडतो. थंड हवेत राहणाऱ्यांनी ट्रेखाली गरम होणारी चटई ठेवावी. उबदार ठिकाणी सावलीतला कोपरा पुरतो. माध्यम ओलं ठेवा, पण मुठीत दाबल्यावर पाणी गळेल इतकं नको. झाकण असेल तर दोन-चार दिवसांनी उघडून हवा बदला.

काही बिया काही आठवड्यांत फुटतात, काही महिने घेतात. एकाच शंकूतल्या बियांतही एवढा फरक पडतो, म्हणून ट्रे लवकर ओतून टाकू नका. आधी कवचाला एका टोकाशी बारीक तडा जातो. त्यातून जाड, पांढरं मूळ बाहेर येतं आणि लगेच खाली वळतं. वर काहीच हालचाल नसते. कधी कधी मूळ बोटभर लांब होतं तरी पानाचा पत्ता नसतो. बीजपत्रं बियाच्या आतच राहून गरातलं अन्न शोषून रोपाला पुरवत असतात. त्यामुळे पान आलं म्हणून बी तोडून काढू नका, ती आपोआप सुकून पडते.

मूळ दोन-तीन सेंटिमीटर झालं की रोप कुंडीत हलवा. याहून उशीर केला तर मूळ ट्रेच्या तळाला टेकून वाकतं आणि काढताना तुटतं. सोटमूळ तुटलं की रोप मरतंच असं नाही, पण कुजण्याची वाट उघडते. तुटलंच तर जखमेवर बुरशीनाशक पावडर लावून एक-दोन दिवस कोरडं होऊ द्या आणि मगच लावा.

पहिली कुंडी, पहिली माती

कुंडी उंच आणि अरुंद हवी. रुंद, उथळ कुंडीत सोटमूळ तळाशी गुंडाळी करून बसतं, आणि रिकाम्या ओल्या मातीत बुरशी वाढते. झाडांच्या रोपवाटिकांत वापरतात त्या लांब नळीसारख्या कुंड्या यासाठी उत्तम.

मातीचं माझं प्रमाण असं: तीन भाग प्युमिस किंवा जाड पर्लाइट, एक भाग सालीचे तुकडे किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे, एक भाग चांगलं मुरलेलं पानांचं खत. बारीक कोकोपीट आणि बारीक वाळू टाळा. सुरुवातीला माती छान भुसभुशीत वाटते, वर्षभरात ती दबून बसते आणि मुळं गुदमरतात. प्रमाण बरोबर आहे की नाही हे कुंडीवर पाणी ओतून कळतं. पाणी वर साचून न राहता लगेच आत गेलं पाहिजे आणि दुसऱ्याच क्षणी खालच्या भोकांतून धार लागली पाहिजे. वर तळं झालं तर भरड भाग वाढवा. कुंडीच्या तळाशी खडीचा थर घालण्याची पद्धत सोडून द्या. त्याने निचरा सुधारत नाही, उलट ओली माती मुळांच्या आणखी जवळ येते.

रोपाची मान, म्हणजे खोड आणि मूळ जुळतात ती जागा, मातीच्या पातळीला ठेवा. सायकॅडची मुळं आकुंचन पावतात आणि रोपाला हळूहळू खाली ओढतात, त्यामुळे वर्षभराने मान बुडालेली दिसली तर वरची माती थोडी बाजूला सारा.

काही काळाने मातीच्या पृष्ठभागालगत बारीक, फांद्या फुटलेल्या, पोवळ्यासारख्या गाठी दिसतील. रोग समजून बरेच जण त्या कापून टाकतात. ही प्रवाळमुळं. त्यांच्यात सायनोबॅक्टेरिया (निळे-हिरवे जीवाणू) राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात. मधोमध कापली तर हिरवट निळं वर्तुळ दिसतं, पण बघायची हौस असेल तर एखादीच कापा.

प्रकाश

पहिली दोन-तीन वर्षं गाळीव ऊन. पन्नास टक्के सावलीची जाळी किंवा उंच झाडाखालची विरळ सावली चालते. रोप अंधारात ठेवलं तर मरत नाही, पण पानं लांबुळकी, लोंबकळती होतात आणि नवी पानं क्वचित येतात.

मोठं झाड पूर्ण उन्हातही राहतं. तिथे पानं आखूड आणि पिवळसर हिरवी होतात, अर्ध्या सावलीत लांब आणि गडद. दिसायला मला अर्ध्या सावलीतलं झाड जास्त आवडतं, पण शंकू यायला ऊन मदत करतं. सावलीतलं झाड उन्हात न्यायचं असेल तर नवी पानं फुटण्याच्या जरा आधी न्या. सावलीत तयार झालेलं पान कडक उन्हात भाजतं आणि कधीच सुधारत नाही. उन्हात जन्मलेलं पान ऊन सोसतं. जुनी पानं काही काळ विटकी दिसतील, तेवढं सहन करावं लागतं.

पाणी

वाढीच्या उबदार महिन्यांत मातीचा वरचा दोन बोटं थर सुकला की भरपूर पाणी द्या, अगदी खालून वाहीपर्यंत. थोडं थोडं शिंपडू नका. त्याने वरची माती ओली दिसते आणि खालची मुळं तहानलेली राहतात. माती वर सांगितली तशी असेल तर जास्त पाण्याने नुकसान करणं खरोखर कठीण आहे. म्हणूनच माती आधी नीट करा आणि मग पाणी देताना हात आखडता घेऊ नका. डायून एडुलेसारख्या कोरड्या भागातल्या भावंडापेक्षा याची तहान बरीच मोठी आहे आणि दोघांना एकाच वेळापत्रकावर ठेवलं तर एकाचे हाल होतात.

थंडीत, तापमान १५ अंशांच्या खाली राहू लागलं की पाणी बरंच कमी करा. थंड आणि ओली माती यांचा मेळ या झाडाला सर्वांत जास्त मारक ठरतो. थंडी एकटी तेवढी मारत नाही. शून्याच्या जरासं खाली गेलेली एखादी रात्र मोठं झाड सोसतं, फार तर पानं करपतात. सलग दंव पडत असेल तर कुंडी आत घ्या.

खत, आणि एकसारखी वाटणारी दोन नावं

हळूहळू विरघळणारं दाणेदार खत वाढीच्या हंगामात एक-दोनदा पुरतं. रोपांना निम्मं प्रमाण. खतात सूक्ष्म अन्नद्रव्यं आहेत का ते पाकिटावर वाचा, कारण सायकॅडचं दुखणं बहुधा तिथेच असतं.

जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर नायट्रोजन, पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी पडत असावं. झाड जुन्या पानांतून ती द्रव्यं काढून नव्या पानांना देतं. नवीच पानं पिवळट, आखडलेली, कडा करपलेली निघाली तर संशय मँगनीजवर घ्या. चुना जास्त असलेल्या किंवा थंड, ओल्या मातीत मँगनीज असूनही झाडाला मिळत नाही. चुनखडीचे खडे भरभरून टाकणारे इथे अडकतात.

मॅग्नेशियम सल्फेट आणि मँगनीज सल्फेट ही वेगवेगळी औषधं आहेत आणि दुकानात त्यांची सर्रास अदलाबदल होते. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम. ते मँगनीजच्या कमतरतेवर कितीही घातलं तरी उपयोग शून्य. आणि योग्य औषध दिलं तरी बिघडलेली पानं सरळ होत नाहीत. गुण आला की नाही हे पुढच्या पालवीवरच कळतं, म्हणजे बहुधा पुढच्या वर्षी. तेवढा धीर नसला की लोक दर आठवड्याला नवं काहीतरी ओततात आणि मुळं जाळतात.

पालवी फुटताना

सायकॅडची पानं एकेक करून येत नाहीत, झुबकाच येतो. आधी शेंड्याचा गाभा फुगतो, मग खवल्यांतून फिकट हिरव्या, पांढुरक्या लवेने मढलेल्या कोवळ्या पानांचा गुच्छ वर येतो. काही दिवसांत ती पूर्ण उलगडतात, पण कडक व्हायला कित्येक आठवडे लागतात. या काळात पान इतकं लुसलुशीत असतं की बोटाने दाबलं तर ठसा उमटतो आणि तो आयुष्यभर राहतो.

तेव्हा कुंडी हलवायची नाही, फिरवायची नाही, बदलायची नाही. प्रकाशाची दिशा बदलली की पानं मधूनच पिळवटतात. पाणी मात्र चुकवू नका. गोगलगायी रात्री येऊन कोवळ्या पर्णिका कुरतडतात, म्हणून अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन एक फेरी मारावी.

कुंडी बदलायची तर पालवी फुटायच्या आधी, उबदार दिवसांच्या सुरुवातीला. एकदम मोठी कुंडी घेऊ नका, एक मापाने वाढवा. पानं छाटायची गरज नाही, अगदी वाळून तपकिरी झालेलीच काढा. अर्धवट पिवळं पानही झाडाला अन्न देत असतं. मुळं फार तुटली असतील तेव्हाच निम्मी पानं कमी करावीत.

जमिनीत लावताना

थंडी बेताची असेल तर खोड मुठीपेक्षा जाड झाल्यावर जमिनीत लावा. उतार असेल तर सोन्याहून पिवळं. सपाट जागा असेल तर दगड, भरड वाळू आणि मातीचा फूट-दीड फूट उंच वरंबा करून त्याच्या माथ्यावर लावा. खड्डा रुंद करा, खोल करू नका. चिकणमातीत खोल खड्डा करून त्यात भुसभुशीत मिश्रण भरलं तर पावसाळ्यात आजूबाजूचं सगळं पाणी त्यात येऊन थांबतं आणि झाड त्या डबक्यात उभं राहतं.

पूर्ण वाढलेल्या पानांचा घेर साडेतीन-चार मीटर होतो. रस्ता, भिंत, दार यांपासून दोन मीटर तरी अंतर ठेवा, नाहीतर काटेरी पर्णिका येणाऱ्याजाणाऱ्याला ओरबाडतात आणि शेवटी पानांनाच कात्री लागते. उंचीची चिंता आत्ता करायची नाही. डोक्याच्या वर खोड जायला दशकं लागतात. फवाऱ्याचं पाणी रोज शेंड्यात साचणार नाही एवढी जागा मात्र बघा.

खवले कीड आणि कूज

सायकॅडची सर्वांत वाईट कीड म्हणजे ऑलाकॅस्पिस यासुमात्सुई ही पांढरी खवले कीड. मूळची आग्नेय आशियातली, १९९६ मध्ये फ्लोरिडात आणि २००३ मध्ये ग्वाममध्ये आढळली आणि तिथल्या सायकॅडची वाताहत झाली. सायकस (सागो पाम ज्यात मोडतो ती प्रजाती) तिचं आवडतं खाद्य, पण डायूनही सुटत नाही. पानांच्या खालच्या बाजूला पांढरी भुकटी उडाल्यासारखं दिसलं की भिंग घेऊन बघा. मादीचं कवच जेमतेम दीड मिलिमीटरचं असतं.

बागकामाचं तेल पानांच्या खालून, खोडावर आणि शेंड्यात नीट पोचेल असं फवारा, दोन आठवड्यांच्या अंतराने अनेकदा. कोवळ्या पानांवर किंवा कडक उन्हात तेल मारू नका. ही कीड मुळांवरही जाते, म्हणून वरून स्वच्छ झालेलं झाड पुन्हा भरतं. तशा वेळी मुळांतून शोषलं जाणारं कीटकनाशक लागतं. मेलेले खवलेही पानाला चिकटून राहतात, त्यामुळे औषध लागू पडलं की नाही हे नुसतं बघून कळत नाही. नखाने खरवडा. कोरडी पूड पडली तर कीड मेली, नारिंगी ओल दिसली तर जिवंत आहे. नवं आलेलं प्रत्येक सायकॅड दोन-तीन महिने बाकीच्या झाडांपासून लांब ठेवण्याचा नियम केला तर ही सगळी उस्तवार बरीच टळते.

कूज लागलेलं खोड दाबल्यावर मऊ लागतं आणि आंबूस वास येतो. झाड उपटा, माती धुवा, मऊ भाग निरोगी पांढरा गाभा दिसेपर्यंत धारदार, निर्जंतुक सुरीने कापा, बुरशीनाशक लावा आणि जखम पूर्ण वाळेपर्यंत सावलीत कोरडं ठेवा. मग नुसत्या प्युमिसमध्ये लावा. शेंडा शाबूत असेल तर खोड पुन्हा मुळं धरू शकतं, त्याला महिने लागतात. शेंड्यातूनच कूज सुरू झाली असेल तर वाचण्याची शक्यता कमी.

शंकू आणि परागण

नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि पहिला शंकू येईपर्यंत ती ओळखता येत नाहीत. म्हणून बी हवं असेल तर सुरुवातीलाच पाच-सहा रोपं वाढवा, शक्यतो वेगवेगळ्या आयांची. नर शंकू सडपातळ, मादी शंकू जाडजूड, लवेने भरलेला. वाढत वाढत तो अर्ध्या मीटरच्या पुढे जातो आणि स्वतःच्या वजनाने खाली लोंबू लागतो. मादी शंकू आला की त्या वर्षी नवी पानं येतीलच असं नाही. झाड आजारी नाही, त्याची ताकद तिकडे खर्च होते आहे.

जंगलात परागणाचं काम छोटे भुंगेरे करतात. बागेत ते नसतात, म्हणून काम आपल्यावर येतं. नर शंकू लांबून त्याचे खवले सुटे झाले आणि टिचकी मारल्यावर पिवळी धूळ उडाली की तो कापून कागदावर आडवा ठेवा. एक-दोन दिवसांत पराग झडतात. बारीक चाळणीने चाळा, कागदाच्या पुडीत बांधा, सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा. मादी शंकू तयार होईल तेव्हा नर जवळ असेलच याची खात्री नसते.

मादी शंकू तयार झाल्याची खूण पटकन लक्षात येत नाही. डायूनचे खवले लवेने एकमेकांत गुंतलेले असतात, पण योग्य वेळी त्यांच्यामध्ये बारीक फटी पडतात. बॅटरीच्या उजेडात रोज बघावं लागतं. फट दिसली की रबरी फुग्याच्या पंपाने कोरडे पराग आत फुंका, किंवा स्वच्छ पाण्यात मिसळून वरून पिचकारीने सोडा. दोन दिवसांआड तीन-चार वेळा करा, कारण सगळ्या फटी एकदम उघडत नाहीत.

यानंतर शंकू पिकायला वर्षाहून जास्त काळ लागतो. तो आपोआप सैल होऊन बिया पडू लागेपर्यंत तोडू नका. बागेत मेहिए किंवा झेदोव्स्कीचा नर असेल तर त्या काळात मादी शंकूवर जाळी बांधा, डायूनच्या जातींचा संकर सहज होतो. बियांच्या पिशवीत आई कोण, बाप कोण आणि परागण कधी केलं हे लिहिलेली चिठ्ठी टाका. संकराचं बी शुद्ध म्हणून वाटलं गेलं तर पुढची निदान दहा वर्षं ते कोणाच्याही लक्षात येत नाही.